मोबाइल कंपन्यांचा बाजारहिस्सा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर तीन महिन्यांनी ‘भारतात अमुक कंपनी पहिल्या क्रमांकावर’ अशी बातमी येते आणि आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी २००४ ते २०१७ कराडला एसटी स्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर होतो, त्यामुळे काही उत्तरांत तिथे पाहिलेलंही येईल. बाजारहिश्श्याचे आकडे २०२४ अखेरपर्यंतचे आहेत.

१. बाजारहिस्सा म्हणजे नेमका कशाचा हिस्सा?

ठरावीक काळात बाजारात आलेल्या नव्या फोनपैकी एका कंपनीचे किती, त्याची टक्केवारी. आयडीसी या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१८ मध्ये भारतात सुमारे १४ कोटी २३ लाख स्मार्टफोन आले. त्यात शाओमीचा हिस्सा २८.९ टक्के होता, म्हणजे साधारण ४ कोटी ११ लाख फोन.

बातमी वाचताना तीन गोष्टी आधी बघा: आकडा तिमाहीचा आहे की वर्षाचा, सगळ्या मोबाइलचा आहे की फक्त स्मार्टफोनचा, आणि नग मोजलेत की रुपये. यातलं एक जरी बदललं तरी क्रम बदलू शकतो. लोकांच्या खिशात आज कोणते फोन आहेत, हे मात्र या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. हे आकडे काढतं कोण? कंपन्या स्वतःच सांगतात ना?

फार थोड्या कंपन्या सांगतात. ॲपलने तर २०१८ च्या अखेरीपासून किती आयफोन विकले हे जाहीर करणंच थांबवलं. बातम्यांमधले आकडे बहुतेक वेळा आयडीसी, काउंटरपॉइंट किंवा कॅनालिस या संशोधन संस्थांचे असतात. जुन्या काळाचे संदर्भ शोधाल तर गार्टनरचं नाव जास्त दिसेल.

या संस्था आयातीच्या नोंदी, कारखान्यांतून बाहेर पडणारा माल, सुटे भाग पुरवणाऱ्यांकडची माहिती, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार अशा अनेक बाजूंनी माहिती जमवतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. मेहनतीने काढलेला असला तरी तो अंदाजच असतो, प्रत्येक बिल मोजून काढलेला आकडा नसतो.

३. ‘शिपमेंट’ म्हणजेच विक्री ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शिपमेंट म्हणजे कंपनीकडून पुढे गेलेला माल. तो डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात असू शकतो, दुकानाच्या फडताळात असू शकतो. गिऱ्हाइकाने पैसे मोजून नेला की मगच ती खरी विक्री.

काउंटरवरचं सांगतो. महिन्याची ३० तारीख आली की डिस्ट्रिब्युटरचा माणूस संध्याकाळी गाडी घेऊन दारात उभा. एका कंपनीचे वीस फोन लागत असताना तो पन्नास खोकी उतरवायचा. “टार्गेट भरायचंय, एवढे ठेवून घ्या, पुढच्या महिन्यात स्कीम देतो.” त्या रात्री त्या कंपनीच्या खात्यावर पन्नास नग गेले, पण आमच्याकडून त्यातले तीस विकायला दीड महिना लागला. पुढच्या महिन्यात साहजिकच आम्ही काही मागवलं नाही. असं हजारो दुकानांत झालं की एका तिमाहीत हिस्सा फुगतो आणि पुढच्या तिमाहीत घसरतो. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीत या काळात काहीच बदललेलं नसतं.

भारतात जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे आकडे एरवीपेक्षा मोठे दिसतात त्याचंही कारण हेच. दसरा-दिवाळीचा माल तेव्हा भरला जातो.

४. एकाच तिमाहीत एक संस्था सॅमसंगला पहिली म्हणते, दुसरी शाओमीला. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. २०२० ची जुलै ते सप्टेंबर ही तिमाही घ्या. काउंटरपॉइंटने सॅमसंगला २४ टक्के आणि शाओमीला २३ टक्के दिले. आयडीसीने शाओमीला २५ आणि सॅमसंगला २२.३ टक्के दिले. कॅनालिसकडेही शाओमीच पुढे होती. देश तोच, महिने तेच.

फरक पडतो तो मोजणीच्या जागेमुळे (वरचा प्रश्न ३) आणि कोणता ब्रँड कोणाच्या खात्यात धरला यामुळे. पोको कुठे शाओमीत धरतात, कुठे वेगळा दाखवतात. वनप्लस आणि ओप्पोचंही तसंच. तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप असते, ती वाचल्याशिवाय दोन तक्ते शेजारी ठेवू नका.

जागतिक आकड्यांतही हे होतं. २०२४ साठी आयडीसीने ॲपलला १८.७ आणि सॅमसंगला १८.० टक्के दिले, तर काउंटरपॉइंटने सॅमसंगला पहिलं ठेवलं. आम्ही म्हणूनच कोणताही कल सांगताना एकाच संस्थेचे अनेक वर्षांचे आकडे धरतो. एका वर्षी एकीचा आणि दुसऱ्या वर्षी दुसरीचा आकडा घेऊन चढ-उतार दाखवणारे आलेख बरेच फिरतात. ते फेकून द्यावेत.

५. भारतात आजवर पहिला क्रमांक कोणाकोणाकडे होता?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. तो देशातला पहिला मोबाइल कॉल आणि तो झाला नोकियाच्या फोनवर. पुढची पंधरा-सोळा वर्षं नोकियाचीच होती. २००५ च्या आसपास तर विकल्या जाणाऱ्या फोनपैकी निम्म्याहून जास्त एकट्या नोकियाचे असत.

२०१२-१३ च्या सुमारास सॅमसंगने तिला मागे टाकलं. २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स काही काळ पुढे गेली: काउंटरपॉइंटच्या मोजणीत त्या वर्षीच्या एप्रिल ते जूनमध्ये सगळ्या मोबाइलमध्ये मायक्रोमॅक्स १६.६ टक्के, सॅमसंग १४.४ टक्के. पण त्याच तिमाहीत फक्त स्मार्टफोन धरले तर सॅमसंगच पहिली होती. मग पुन्हा सॅमसंग. २०१७ च्या अखेरीस शाओमी वर आली आणि २०२२ पर्यंत बहुतेक काळ तिथे राहिली. २०२३ चं वर्ष सॅमसंगचं, २०२४ चं व्हिवोचं.

६. नोकिया एवढी मोठी कंपनी, ती अशी कशी कोसळली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि ‘टचस्क्रीन आला म्हणून’ हे त्याचं अपुरं उत्तर आहे. भारतात नोकियाला दोन बाजूंनी मार बसला.

आधी खालच्या बाजूचं बघू. २००३ मध्ये नोकिया ११०० आला. वर टॉर्च, धूळ आत जाणार नाही असं एकसंध रबरी कीपॅड, हातातून सटकू नये म्हणून खडबडीत कडा. जगभरात तो २५ कोटींच्या आसपास विकला गेला. आमच्याकडे शेतकरी गिऱ्हाईक यायचं ते नाव न घेता “बॅटरीवाला द्या” म्हणायचं, आणि तिथे बॅटरी म्हणजे टॉर्च. रात्री पाण्याची मोटार चालू करायला मळ्यात जाताना त्याचा उपयोग व्हायचा.

मग २००८-०९ पासून कॉलचे दर पडत गेले, प्रत्येक कंपनीची वेगळी स्कीम आली आणि लोक दोन-दोन सिमकार्डं बाळगू लागले. एक फोनमध्ये, दुसरं कागदाच्या घडीत पाकिटात. मोबाइलचं मागचं झाकण दिवसातून चार वेळा काढून सिम बदलणारी माणसं मी रोज पाहत होतो. दोन सिमचा फोन पाहिजे, हे काउंटरवर उभं राहिलेल्या कोणालाही कळत होतं. मायक्रोमॅक्स, स्पाइस, कार्बन आणि बिननावाचे चिनी फोन ते देत होते. नोकियाचा दोन सिमचा फोन आमच्या काउंटरवर यायला २०११ उजाडलं.

वरच्या बाजूला तेव्हा दुसरीच लढाई चालू होती. जून २००७ मध्ये आयफोन विक्रीला आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन. गार्टनरच्या आकड्यांत २००९ मध्ये जगातल्या स्मार्टफोनपैकी अँड्रॉइडवर चालणारे ३.९ टक्के होते, २०१० मध्ये २२.७ टक्के. नोकिया ज्या सिम्बियन या फोनच्या प्रणालीवर अवलंबून होती ते त्याच काळात ३७.६ टक्क्यांवर उतरलं. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या टिपणात कंपनीची तुलना समुद्रातल्या जळत्या तेलमंचावर उभ्या माणसाशी केली आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीची वाट धरली. सिम्बियन जाणार हे जाहीर झालं, पण त्याची जागा घेणारा फोन दुकानात यायला बरेच महिने लागले. मधल्या काळात गिऱ्हाइकाला आम्ही काय सांगणार? ते सॅमसंग घेऊन गेलं.

२०१२ मध्ये जागतिक पहिला क्रमांक सॅमसंगकडे गेला. १९९८ मध्ये मोटोरोलाला मागे टाकल्यापासून तो नोकियाकडेच होता. एप्रिल २०१४ मध्ये फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरचा कारखाना कराच्या वादामुळे त्या व्यवहारात जाऊ शकला नाही आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं उत्पादन थांबलं. टक्केवारीच्या तक्त्यात ही घटना कुठेच दिसत नाही. तिथे काम करणाऱ्या हजारो तरुण मुलामुलींना, ज्यांची ती पहिली नोकरी होती, घरी जावं लागलं. बाजारहिश्श्याबद्दल लिहिताना मला हे सोडून पुढे जाता येत नाही.

७. एका आलेखात नोकियाची विक्री वाढलेली आणि हिस्सा घटलेला दिसतो. चूक आहे का?

चूक नाही. गार्टनरप्रमाणे नोकियाने २००९ मध्ये सुमारे ४४ कोटी फोन विकले, २०१० मध्ये ४६ कोटी. तरी हिस्सा ३६.४ टक्क्यांवरून २८.९ टक्क्यांवर आला, कारण एकूण बाजार १२१ कोटींवरून जवळपास १६० कोटींवर गेला होता. वाढीव फोन दुसऱ्यांनी विकले, त्यातही बिननावाच्या आणि छोट्या कंपन्यांनी फार.

उलटही होतं. भारतात २०२१ मध्ये १६ कोटींच्या वर स्मार्टफोन आले आणि २०२२ मध्ये १४ कोटी ४० लाखांच्या आसपास. अशा आकसलेल्या वर्षात एखाद्या कंपनीचे नग कमी होऊनही तिचा हिस्सा वाढू शकतो.

८. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, व्हिडिओकॉन… आपल्या कंपन्या गेल्या कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या पत्रात बहुतेक वेळा हळहळ असते, आणि ती मलाही आहे.

मायक्रोमॅक्सची सुरुवात नीट आठवा. २००८ चा एक्स१आय हा फोन, एकदा चार्ज केला की ३० दिवस स्टँडबाय राहील असा दावा, किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. पश्चिम बंगालमधल्या एका गावात ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहून ही कल्पना सुचली, असं संस्थापकांपैकी राहुल शर्मा यांनी सांगितलं आहे. आपल्याकडे तेव्हा खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन होतं. आमच्या दुकानात एक पट्टी खास गिऱ्हाइकांचे फोन चार्ज करायला लावलेली असायची आणि बाजारच्या दिवशी तिला दहा-दहा फोन लटकलेले असत. त्या लोकांना हा फोन म्हणजे कोणीतरी आपल्याकडे बघून बनवलेला वाटला. मग आला दोन सिमचा जमाना, मग २०१२ पासून कॅनव्हास मालिका: मोठा पडदा, निम्मी किंमत. संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनने आणि मुंबईच्या मॅक्सनेही फोन काढले. २०१४ पर्यंत सॅमसंगला घाम फोडला तो या कंपन्यांनीच.

पण यातल्या बहुतेक फोनचं डिझाइन चीनमधल्या, विशेषतः शेन्झेनच्या कंपन्यांचं असे. तिथून निवडायचा, वर आपलं नाव घालायचं, इथे जाहिरात करून विकायचा. बाजारात काय चालतं ही समज आपल्या कंपन्यांची होती, आणि ती समज खरंच पक्की होती. फोन घडवणं मात्र दुसऱ्याच्या हातात होतं. त्या दुसऱ्यांच्याच शेजारच्या कंपन्या स्वतःच्या नावाने भारतात उतरल्या तेव्हा किमतीत त्यांच्याशी टिकणं अवघड झालं.

शेवटचे दोन घाव २०१६ चे. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. जिओवर बोलायलाही फोरजी व्होल्टी, म्हणजे फोरजी नेटवरूनच कॉल करणारा फोन लागत होता आणि आपल्या कंपन्यांचा माल मुख्यतः थ्रीजीचा. “जिओ चालतं का?” हा एकच प्रश्न विचारून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. स्वस्त फोनचा सगळा व्यवहार रोखीचा. त्या महिन्यात आम्ही दुपारीच शटर अर्धं ओढून बसायचो. आयडीसीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर २०१६ च्या यादीत पहिले पाच होते सॅमसंग, शाओमी, लेनोवो, ओप्पो आणि व्हिवो. भारतीय नाव एकही नाही. मायक्रोमॅक्सने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘इन’ मालिका काढून पुन्हा प्रयत्न केला, पण त्याने जोर धरला नाही. लावा अजून फोन विकते, मात्र पहिल्या पाचांपासून बरीच दूर आहे.

९. शाओमी तीनच वर्षांत पहिली कशी झाली?

दुकान टाळून. जुलै २०१४ मध्ये एमआय ३ फक्त फ्लिपकार्टवर १३,९९९ रुपयांना आला. तसलाच फोन दुकानात त्याच्या जवळपास दुप्पट किमतीला मिळत होता. डिस्ट्रिब्युटर नाही, दुकानदाराचं मार्जिन नाही, मोठ्या जाहिराती नाहीत. वाचलेले पैसे किमतीतून वजा. जानेवारी २०१७ च्या रेडमी नोट ४ ने ९,९९९ रुपयांपासून सुरुवात करून मधल्या किमतीचा बाजार खेचून घेतला. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबरमध्ये आयडीसीने सॅमसंग आणि शाओमी दोघींनाही २३.५ टक्के दिले, आणि पुढच्या तिमाहीत शाओमी पुढे निघून गेली.

आमच्यासारख्या दुकानदारांवर त्याचा काय परिणाम झाला, हे एका वाक्यात सांगतो: गिऱ्हाईक आमच्या काउंटरवर स्क्रीन गार्ड बसवायला फोन घेऊन यायचं, फोन घ्यायला नाही.

१०. व्हिवो-ओप्पोचे फोन तेवढ्याच पैशांत कमी फीचर देतात. तरी त्यांचा हिस्सा वाढला कसा?

शाओमीने टाळलेल्या दुकानातून. २०१५-१६ मध्ये एक दिवस मुलं आली, मोजमाप घेतलं आणि आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या सात दुकानांवर हिरवे आणि निळे प्रकाशाचे बोर्ड लागले. दुकानाचं नाव बारीक, कंपनीचं मोठं. बोर्डाचं भाडंही मिळायचं. सोबत कंपनीच्या पगारावर प्रमोटर: आमच्याच तालुक्यातला पोरगा, कंपनीचा टी-शर्ट घालून दिवसभर उभा, गिऱ्हाइकाला सेल्फी काढून दाखवणारा. आणि दुकानदाराला एका फोनमागे मिळणारी रक्कम इतरांपेक्षा चांगली. आम्ही गिऱ्हाइकाला कोणता फोन आधी दाखवायचो, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा मी तसं केलं आहे, म्हणून इथे लिहितो.

वर क्रिकेट होतंच. २०१८ ते २०२२ या आयपीएल हंगामांच्या शीर्षक प्रायोजकत्वासाठी व्हिवोने २,१९९ कोटी रुपयांची बोली लावली होती.

खेड्यातलं आणि लहान शहरातलं गिऱ्हाईक फोन हातात घेऊन, हप्त्यांची चौकशी करून, ओळखीच्या माणसाला विचारून घेतं. २०२४ मध्ये व्हिवो पहिली आली त्यात या दुकानांच्या जाळ्याचा वाटा मोठा आहे. शाओमीलाही पुढे दुकानांकडे वळावंच लागलं.

११. ओप्पो, व्हिवो, वनप्लस, रिअलमी एकाच मालकाच्या आहेत ना? मग हिस्सा एकत्र का धरत नाहीत?

या सगळ्यांचं मूळ चीनमधल्या बीबीके इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. पण ओप्पो आणि व्हिवो यांची व्यवस्थापनं वेगळी, विक्रीची माणसं वेगळी, आणि बाजारात त्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतात. रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोचा उपब्रँड म्हणून सुरू झाली. वनप्लसचंही ओप्पोशी जवळचं नातं आहे. बेरीज केली तर हे कुटुंब भारतात सहज पहिलं येतं. प्रश्न मक्तेदारीचा असेल तर ही बेरीज जरूर करा. ‘लोकांना कोणता फोन आवडतो’ हा प्रश्न असेल तर करू नका.

१२. जिओफोन लाखोंनी विकला गेला, तो यादीत का दिसत नाही?

कारण तो साध्या फोनच्या यादीत आहे. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला, १,५०० रुपये परतीच्या अनामतीवर मिळणारा हा बटणांचा फोन अँड्रॉइडवर नव्हे, कायओएस या प्रणालीवर चालायचा. काउंटरपॉइंटच्या आकड्यांत २०१८ च्या पहिल्या तिमाहीत भारतातल्या साध्या फोनपैकी ३६ टक्के जिओफोन होते. स्मार्टफोनच्या तक्त्यात मात्र शून्य.

१३. जिकडे बघावं तिकडे आयफोन. तरी ॲपलचा हिस्सा इतका कमी कसा?

तुम्ही राहता कुठे यावर ‘जिकडे बघावं तिकडे’ अवलंबून आहे (प्रश्न १८). आयडीसीप्रमाणे २०२४ मध्ये भारतात १५ कोटी १० लाख स्मार्टफोन आले, त्यात आयफोन सुमारे १ कोटी २० लाख. म्हणजे नगांमध्ये साधारण ८ टक्के. त्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत ॲपल पहिल्यांदाच पहिल्या पाचांत आली.

आता रुपये मोजा. काउंटरपॉइंटच्या हिशोबाने २०२४ मध्ये किमतीत ॲपलचा हिस्सा २३ टक्के, सगळ्यांत जास्त. एक आयफोन विकला की दहा-बारा हजारांचे पाच-सहा फोन विकल्याइतके पैसे फिरतात. नफा धरला तर जगभरातल्या स्मार्टफोन व्यवसायाचा बहुतांश नफा एकट्या ॲपलच्या पदरात पडतो. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलने स्वतःची दुकानं उघडली ती हे बघूनच.

१४. गलवाननंतर लोकांनी चिनी फोन घेणं सोडलं, हे खरं का?

थोडा काळ फरक पडला. काउंटरपॉइंटप्रमाणे चिनी ब्रँडचा एकत्रित हिस्सा २०२० च्या पहिल्या तिमाहीत ८१ टक्के होता, दुसऱ्या तिमाहीत ७२ टक्के झाला. लोकांच्या मनात राग होताच. पण त्याच महिन्यांत टाळेबंदीने कारखाने बंद होते आणि बंदरांत माल अडकला होता. पुढच्या वर्षी चिनी ब्रँड पुन्हा जोरात होते. त्याच काळातला पहिल्या क्रमांकाचा घोळ प्रश्न ४ मध्ये आहे.

१५. एका संकेतस्थळावर भारतात अँड्रॉइड ९५ टक्के दाखवलंय. तोही बाजारहिस्साच का?

वेगळा. स्टॅटकाउंटरसारखी संकेतस्थळं इंटरनेटवर पानं कोणत्या फोनवरून उघडली गेली ते मोजतात. त्यात चार वर्षांपूर्वी घेतलेला, हातोहात फिरलेला फोनही येतो. नव्या फोनच्या मोजणीत जुना फोन पुन्हा विकला गेला तर तो धरत नाहीत. म्हणून विक्री थांबलेल्या कंपनीचं नाव तिथे आणखी काही वर्षं टिकून राहतं.

१६. हिस्सा घसरत चाललेल्या कंपनीचा फोन घ्यावा का?

नुसता क्रमांक उतरला म्हणून टाळू नका. पहिल्यावरून तिसऱ्यावर आलेली कंपनीही वर्षाला कोट्यवधी फोन विकत असते. धोका असतो तो कंपनी फोनचा धंदाच सोडून देते तेव्हा. एलजीने एप्रिल २०२१ मध्ये तसं जाहीर केलं. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाल्या आणि त्या फोनवरून कॉल-मेसेजही खात्रीने जातील याची हमी उरली नाही.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: तुमच्या जिल्ह्यात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का, किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार हे कंपनीने लिहून दिलंय का, आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे त्या मॉडेलचा डिस्प्ले मिळतो का. तिसरी सगळ्यात कामाची. एका गिऱ्हाइकाचा फुटलेला पडदा बदलायला एका कंपनीने आम्हाला अडीच महिने झुलवलं होतं, आणि ती तेव्हा पहिल्या पाचांत होती.

१७. ‘मेड इन इंडिया’ लिहिलेला फोन भारतीय कंपनीच्या हिश्श्यात धरतात का?

नाही. हिस्सा ब्रँडच्या नावावर जातो, कारखान्याच्या नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयात फोनवरचा सीमाशुल्काचा दर २० टक्के झाला (जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो १५ वर आला) आणि २०२० मध्ये उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली. आज भारतात विकला जाणारा जवळपास प्रत्येक फोन इथेच जोडलेला असतो: सॅमसंगचा नोएडात, आयफोन तमिळनाडू आणि कर्नाटकात. टाटांनी २०२३ मध्ये कोलारजवळचा विस्ट्रॉनचा कारखाना घेतला, तिथे तयार होणारा आयफोनही तक्त्यात ॲपलच्याच रकान्यात जातो.

१८. आमच्या गावात तर सगळे रिअलमी आणि व्हिवोच वापरतात. मग देशाचे आकडे चुकीचे नाहीत का?

देशाची सरासरी आणि तुमचं गाव यांत फरक असणारच. मुंबईच्या लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये एक चित्र दिसेल, जतच्या बाजारात दुसरं. जागतिक यादीचंही असंच आहे: आफ्रिकेत टेक्नो, इन्फिनिक्स आणि आयटेल विकणारी ट्रान्शन पुढे, तर २०१९ च्या अमेरिकी निर्बंधांनंतर जगभर मागे पडलेली हुआवे चीनमध्ये पुन्हा वर आली.

तुमच्या गावाचा खरा हिस्सा बघायचा असेल तर दुरुस्तीच्या दुकानात जा आणि डिस्प्लेचा खण उघडायला सांगा. माझ्या जुन्या सहकाऱ्याने आता स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलंय. त्याच्या खणात परवा पाहिलं तर रेडमीचे डिस्प्ले दोन कप्पे भरून, त्याखालोखाल व्हिवो, रिअलमीचे थोडे कमी. विक्रीत व्हिवो पुढे गेली असली तरी त्याच्याकडे फुटून येणारे फोन अजून तीन-चार वर्षांपूर्वीचे आहेत. सगळ्यात खालच्या कप्प्यात रबरी कीपॅडची एक पिशवी होती. नोकिया ११०० चे. त्यांना आजही महिन्याकाठी एखादं गिऱ्हाईक येतं, म्हणून त्याने ती टाकून दिलेली नाही.